४५० की ३७०? जलप्रलयाच्या दिवसांचा एक हिशोब

हे प्रकरण एका आखीव कागदापासून सुरू झालं. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकावर मी बरीच वर्षं अभ्यासवर्ग घेतो. जलप्रलयातून तारवात, म्हणजे मोठ्या नावेत, बसून वाचलेल्या नोहाच्या गोष्टीवरचा वर्ग संपला, मंडळी उठली, पण एक ताई बसून राहिल्या. आयुष्यभर हिशोबाचं काम केलेल्या, बोलायला कमी आणि खोडरबर कायम हाताशी. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "सर, यात काहीतरी दुबार धरलं गेलंय. मी तीनदा बेरीज केली, तीनही वेळा तेवढीच आली."

कागदावर सातव्या आणि आठव्या अध्यायांतले सगळे आकडे एकाखाली एक होते. पाऊस ४० दिवस. पाण्याचा जोर १५० दिवस. पाणी ओसरलं १५० दिवस. डोंगरमाथे दिसल्यावर खिडकी उघडेपर्यंत ४०. पाणी ओसरलं का पाहायला कबुतर पुन्हा सोडण्याआधीचे सात आणि सात मिळून १४. नव्या वर्षाच्या पहिल्या तारखेपासून जमीन वाळेपर्यंत ५६. एकूण ४५०. त्याखाली रेघ मारून दुसरा आकडा होता. प्रलय सुरू झाला नोहाच्या ६०० व्या वर्षी दुसऱ्या महिन्याच्या १७ तारखेला (७:११, म्हणजे अध्याय ७, वचन ११) आणि जमीन कोरडी झाली ६०१ व्या वर्षी दुसऱ्या महिन्याच्या २७ तारखेला (८:१४). महिना ३० दिवसांचा धरला तर ३७० दिवस. फरक ८०, आणि त्याभोवती लाल गोल.

अशा कागदाला द्यायची दोन तयार उत्तरं मला पाठ आहेत, आणि दोन्ही मला आवडत नाहीत. पहिलं भाविकांकडून येतं: देवाला एक दिवस हजार वर्षांसारखा, तिथे बोटं काय मोजायची? पण इथे महिना, तारीख आणि वर्ष मजकुरानेच दिलेलं आहे. ज्याने "दुसऱ्या महिन्याच्या सतराव्या दिवशी" असं लिहिलं, त्याला ते वाचकाने मोजावं असंच वाटत होतं. दुसरं उत्तर पंडितांकडून येतं: दोन वेगळ्या कथा शिवून एक केल्या आहेत, आकडे जुळणारच नाहीत, सोडून द्या. शिवण आहे की नाही याकडे मी पुढे येणार आहे. पण शिवण आहे एवढ्यावरून आकडे जुळत नाहीत असं ठरत नाही. त्यासाठी मोजावंच लागतं. म्हणून ताईंना म्हटलं, बेरीज बाजूला ठेवू आणि कीर्द लिहू. प्रत्येक नोंद तिच्या तारखेला.

मजकुरात पक्क्या तारखा पाचच आहेत. दुसऱ्या महिन्याची १७, अगाध जलाशयाचे झरे फुटले. सातव्या महिन्याची १७, तारू अरारातच्या डोंगरांवर टेकलं. दहाव्या महिन्याची १, डोंगरमाथे दिसले. पुढच्या वर्षाच्या पहिल्या महिन्याची १, पाणी आटलं. दुसऱ्या महिन्याची २७, जमीन कोरडी. हे पाच खांब. बाकीचे चाळीस, दीडशे, सात हे मुदतीचे आकडे आहेत, तारखा नव्हेत. मुदत कुठून धरायची ते मजकुरात शोधावं लागतं, आणि सगळा घोळ तिथेच होतो. हिशोबनीस माणसाला आकडे एकाखाली एक दिसले की बेरीज करावीशी वाटते. पण एक मुदत दुसरीच्या पोटातही असू शकते.

चाळीस दिवस तसे आहेत. पाऊस ४० दिवस आणि ४० रात्री पडला (७:१२), आणि पाण्याचा जोर पृथ्वीवर १५० दिवस राहिला (७:२४). हे एकामागून एक धरले तर १९० होतात. सतरा तारखेपासून १९० दिवस मोजले की सातव्या महिन्याची १७ कधीच मागे पडते. म्हणजे पाणी चढलेलं असतानाच तारू जमिनीला टेकलेलं! उलट दीडशेची मोजणी झरे फुटले त्याच दिवसापासून केली तर काय होतं ते ताईंनी स्वतःच मोजलं. दुसऱ्या महिन्यातले १७ ते ३० हे १४ दिवस, पुढच्या चार महिन्यांचे १२०, सातव्या महिन्याचे १६. बरोबर १५०. दीडशे दिवस भरले सातव्या महिन्याच्या १६ तारखेला, आणि दुसऱ्या दिवशी, १७ ला, तारू टेकलं. त्यांची पेन्सिल तिथे थांबली. "म्हणजे चाळीस हे दीडशेच्या आत आहेत." पाऊस हा पहिल्या ४० दिवसांचा भाग, पाण्याचा जोर सगळ्या १५० चा.

दुसरी दुबार नोंद ८:३ मधली. तिथे पाणी ओसरत गेलं असं म्हणून पुन्हा दीडशे दिवसांचा उल्लेख येतो. ताईंनी ती नवी मुदत समजली, म्हणजे १५० दिवस चढलं आणि आणखी १५० दिवस उतरलं. पण मूळ हिब्रूत शब्द आहे तो 'अखेरीस' या अर्थाचा. दीडशे दिवसांच्या अखेरीस पाणी कमी झालं. तेच दीडशे, फक्त दुसऱ्या टोकाकडून पाहिलेले. नवे १५० धरायचे तर डोंगरमाथे बाराव्या महिन्याच्या मध्यावर दिसायला हवेत, आणि मजकूर दहाव्या महिन्याची १ तारीख देतो. ही तारीखच त्या वाचनाला आडवी येते.

आता नवी कीर्द अशी झाली. १७/२ ते १७/७, १५० दिवस. तिथून १/१० पर्यंत ७४. खिडकी उघडेपर्यंत ४०, म्हणजे ११/११. मग पक्षी. इथे ताईंच्या कागदात एक नोंद राहून गेली होती. कावळा सोडला, मग कबुतर, ते परत आलं. त्यानंतर ८:१० म्हणतं, नोहा 'आणखी' सात दिवस थांबला. आणखी म्हणजे आधीही सात थांबला होता, कावळा आणि कबुतर यांच्यामध्ये. तेव्हा २१ दिवस, म्हणजे २/१२. तिथून नव्या वर्षाच्या पहिल्या तारखेपर्यंत २९ दिवस, ज्यांबद्दल मजकूर काही बोलत नाही, म्हणून तेही कागदावर नव्हते. शेवटी ५६. बेरीज करून पाहा: १५०, ७४, ४०, २१, २९, ५६. तीनशे सत्तर.

ताई एवढ्यावर थांबल्या नाहीत. जुना फरक नेमका कुठून आला हे कळल्याशिवाय हिशोब लागला असं त्या मानत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. ४० दुबार धरले होते. ७४ च्या जागी १५० धरले, म्हणजे ७६ जास्त. एकूण ११६ जास्त. राहून गेलेले ७ आणि २९, म्हणजे ३६ कमी. ११६ उणे ३६, ऐंशी. लाल गोलातला आकडा पूर्ण सुटला. (कावळ्यानंतरचे ते पहिले सात दिवस कोणी मानले नाहीत तरी बिघडत नाही. मोकळी जागा २९ ऐवजी ३६ होते, एकूण तेवढंच राहतं.)

इथे थांबलो असतो तर लेख छोटा झाला असता. पण माझ्या हिशोबातली एक गोष्ट मी गृहीत धरली होती आणि ती उघड सांगायला हवी: महिना ३० दिवसांचा. पाच महिने म्हणजे १५० दिवस हे समीकरण चंद्राच्या महिन्यांनी जमत नाही. चांद्र महिना साडेएकोणतीस दिवसांचा, पाच महिन्यांचे होतात १४७ किंवा १४८. मग १५० दिवस भरायच्या आधीच दोन-तीन दिवस तारू टेकतं, म्हणजे पाणी ऐन भरात असताना. ही खरी अडचण आहे आणि ती आजच्या टीकाकारांनी शोधलेली नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वाचकांना ती पुरती ठाऊक होती.

मृत समुद्राजवळ कुमरानच्या चौथ्या गुहेत, जी १९५२ साली सापडली, उत्पत्तीवरच्या भाष्याचे काही तुकडे मिळाले. अभ्यासक त्यांना ४क्यू२५२ म्हणतात. लिहिणाऱ्याने नेमकं ताईंचंच काम केलं आहे. त्याचं वर्ष ३६४ दिवसांचं. प्रत्येक तिमाहीत ३०, ३० आणि ३१ दिवसांचे महिने, म्हणजे बरोबर ५२ आठवडे, आणि दरवर्षी तीच तारीख त्याच वारी. तो लिहितो की प्रलय आठवड्याच्या पहिल्या दिवशी सुरू झाला, पाऊस तिसऱ्या महिन्याच्या २६ पर्यंत पडला, आठवड्याच्या पाचव्या दिवशी. दीडशे दिवस सातव्या महिन्याच्या १४ ला भरले, तिसऱ्या दिवशी. आणि मग, मला हे वाचताना दरवेळी त्या अनाम माणसाबद्दल आपुलकी वाटते, तो उरलेले दोन दिवस लपवत नाही. पाणी चौथ्या आणि पाचव्या दिवशी, असे दोन दिवस ओसरलं, आणि सहाव्या दिवशी, १७ ला, तारू टेकलं, असं तो सरळ नोंदवतो. मी त्याचे वार आणि तारखा मोजून पाहिल्या. चुकलेल्या नाहीत. ३६४ च्या वर्षात पाच महिने १५२ दिवसांचे होतात आणि वरचे दोन दिवस पाणी उतरायला मिळतात. महिने लांब असतील तर फरक सोयीच्या बाजूला पडतो, आखूड असतील तर अडचणीच्या.

त्याच कुळातल्या योबेलांच्या ग्रंथातही, म्हणजे उत्पत्तीची कथा पुन्हा सांगणाऱ्या जुन्या यहूदी ग्रंथात, हेच ३६४ दिवसांचं वर्ष आहे. ग्रीक भाषांतराने, ज्याला सेप्टुआजिंट म्हणतात, वेगळी वाट धरली. त्यात प्रलयाची सुरुवात १७ ऐवजी २७ तारखेला, तारू टेकतं तेही २७ ला, आणि शेवट २७ ला आहेच. पाच महिने पाचच राहिले आणि प्रलय नेमका एक वर्षाचा झाला. हिब्रू पाठात १७ ते २७ असे दहा दिवस वर निघतात ते कशाला, याचं उत्तर यहूदी परंपरेने चंद्रसूर्याच्या फरकात शोधलं. बारा चांद्र महिने ३५४ दिवसांचे. त्यात १७ ते २७ हे दोन्ही टोकं धरून अकरा दिवस मिळवले की ३६५, एक सौर वर्ष. अधिक मासाची सवय असलेल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. पण हे सुंदर उत्तर घेतलं की दीडशे दिवसांचं गणित पुन्हा विस्कटतं, कारण त्यात महिने चांद्र होतात. दोन्ही एकदम मिळत नाही. माझं मत ३० दिवसांच्या महिन्याकडे झुकतं. तो आकाशातला महिना नव्हे, हिशोबाचा महिना. प्राचीन बाबेलच्या ज्योतिषी लिखाणात ३६० दिवसांचं आदर्श वर्ष वापरात होतं. इजिप्तचं नागरी वर्षही ३० दिवसांचे बारा महिने आणि वर पाच दिवस असं होतं. व्याजाचा हिशोब करताना महिना तीसचा धरतात तसंच काहीसं. मजकूर स्वतःच १७ पासून १७ म्हणजे १५० असं सांगतो, म्हणून मी त्याचं मोजमाप त्याच्याकडूनच घेतो.

सर्वांत धाडसी जुळवाजुळव ११ व्या शतकातल्या राशी या फ्रान्समधल्या यहूदी भाष्यकारांची. त्यांनी ४० आणि १५० एकामागून एकच धरले. मग तारखा कशा जमणार? महिन्यांची मोजणी बदलून. प्रलय 'दुसऱ्या' महिन्यात, तो यहूदी पंचांगातल्या तिश्री महिन्यापासून दुसरा, म्हणजे मार्हेश्वान. तारू 'सातव्या' महिन्यात टेकलं, तो पाऊस थांबला त्या किस्लेवपासून सातवा, म्हणजे सिवान. डोंगरमाथे 'दहाव्या' महिन्यात दिसले, तो पाऊस सुरू झाला त्या मार्हेश्वानपासून दहावा, म्हणजे आव. आणि शेवटी पुढच्या वर्षाचा 'पहिला' पुन्हा तिश्री. त्यावर त्यांनी एक गणितही मांडलं. पाणी डोंगरांवर १५ हात होतं. सिवानच्या १ पासून आवच्या १ पर्यंत ६० दिवसांत ते उतरलं, म्हणजे चार दिवसांना एक हात. तारू टेकलं तोवर १६ दिवसांत चार हात उतरलं होतं, तेव्हा तारवाचा तळ पाण्यात ११ हात बुडालेला असला पाहिजे.

गणित देखणं आहे, पण त्याची किंमत फार. लागून आलेल्या दोन वचनांत 'सातवा' एका ठिकाणापासून आणि 'दहावा' दुसऱ्याच ठिकाणापासून मोजायचा, हे कोणता वाचक आपणहून करेल? १३ व्या शतकात नाहमानिदेस या यहूदी भाष्यकारांनी हाच आक्षेप घेतला. राशींबद्दल पूर्ण आदर ठेवून त्यांनी महिने एकाच सुरुवातीपासून मोजले आणि ४० दिवस १५० च्या आत ठेवले. मी वर्गात ही दोन्ही वाचनं शेजारी ठेवतो, कारण सांधा जुळवताना किती खर्च झाला हेही पाहावं लागतं. आकडा जमला एवढ्यावर उत्तर स्वीकारायचं तर कुठलाही आकडा कुठेही जमवता येतो.

राशींच्या गणितातली एक गोष्ट मात्र मी ठेवून घेतली: तारू किती बुडालं होतं हा प्रश्न. कारण ताईंची पुढची शंका तिथेच सुटली. त्या म्हणाल्या, तारू डोंगरावर टेकलं १७/७ ला आणि डोंगरमाथे दिसले १/१० ला. ज्या डोंगरावर टेकलं तो ७४ दिवस दिसलाच नाही? आता मापं पाहा. तारू ३०० हात लांब, ५० रुंद, ३० उंच (६:१५). पाणी डोंगरांवर १५ हात चढलं (७:२०). ३० ची निम्मी १५. भरलेलं तारू निम्मं पाण्यात बुडून तरंगत होतं असं धरलं, मजकूर हे म्हणत नाही, हा माझा तर्क आहे, तर १५ हात पाण्यातून ते डोंगराला जेमतेम न घासता जातं. पाणी किंचित उतरताच तळ टेकणार. म्हणून दीडशे दिवस भरले आणि लगेच दुसऱ्या दिवशी टेकलं. पण डोंगराचा माथा पाण्याबाहेर यायचा तर अजून ते १५ हात पाणी उतरायला हवं, हात साधारण ४५ सेंटिमीटरचा धरला तर पावणेसात मीटर. त्याला ७४ दिवस लागले, पाच दिवसांना एक हात. तळ टेकणं आणि माथा दिसणं यांत अंतर असणारच होतं. ताईंनी पाण्याच्या पेल्यात बूच टाकून हे मला करून दाखवलं, आधी तरंगणारं, मग पाणी कमी करत तळाला लागलेलं आणि तरीही भोवती पाणी असलेलं.

जमीन दोनदा कोरडी होते हा आक्षेप फार ठिकाणी वाचायला मिळतो. पहिल्या महिन्याच्या १ तारखेला एकदा, दुसऱ्या महिन्याच्या २७ ला पुन्हा. हिब्रूत दोन वेगळी क्रियापदं आहेत. ८:१३ ला 'हारव', पाणी आटून जमिनीचा पृष्ठभाग उघडा पडणं. ८:१४ ला 'यावेश', पूर्ण वाळणं. मराठी माणसाला हा फरक शब्दकोशात शोधावा लागू नये. पाणी ओसरलं म्हणून कोणी लगेच शेतात पाऊल घालत नाही. चिखल असतो, पाय रुततो, वाफसा यायची वाट पाहावी लागते. नोहाने १ तारखेला आच्छादन काढून पाहिलं आणि ५६ दिवस आतच राहिला. बाहेर ये ही आज्ञा २७ नंतर आली.

तारवात जाण्याबद्दलही तसंच. ७:७ ते ७:१० वाचलं तर नोहा आत गेला आणि सात दिवसांनी पाणी आलं असं वाटतं, आणि ७:१३ म्हणतं की 'त्याच दिवशी' आत गेला. सात दिवस भरणी चालली आणि त्या दिवशी दार बंद झालं, एवढंच त्यात आहे. योबेलांच्या ग्रंथानेही आत जाणं महिन्याच्या पहिल्यापासून सोळाव्यापर्यंत पसरलं आणि दार सतराव्या संध्याकाळी बंद केलं.

आता शिवणीबद्दल. ८:२ वाचा. तिथे झरे आणि आकाशाची दारं बंद झाली आणि आकाशातला पाऊस थांबला. पण हे ७:२४ च्या १५० दिवसांनंतर सांगितलं आहे, आणि पाऊस तर ४० दिवसांतच संपला होता. दोन्ही ठिकाणी पावसासाठी हिब्रू शब्द एकच, 'गेशेम', तेव्हा आधीचा मुसळधार आणि नंतरचा रिमझिम अशी वाटणी करता येत नाही. हिब्रूला 'थांबला' आणि 'थांबला होता' यांसाठी वेगळी रूपं नाहीत. म्हणून 'थांबला होता' असं वाचणं शक्य आहे. शक्य आहे म्हणतो, सिद्ध आहे म्हणत नाही.

इथे पंडितांचं म्हणणं जास्त सरळ जातं आणि ते मान्य करायला मला जड जात नाही. १७५३ साली ज्याँ आस्त्र्युक नावाच्या फ्रेंच वैद्याने उत्पत्तीत देवाची दोन नावं दोन धाग्यांसारखी चालतात हे दाखवलं. मराठी बायबलमध्ये हा फरक उघड दिसतो, एका ठिकाणी 'देव', दुसऱ्या ठिकाणी 'परमेश्वर'. ७:१६ मध्ये तर एकाच वचनात दोन्ही आहेत: देवाने आज्ञा केल्याप्रमाणे प्राणी आत गेले, आणि परमेश्वराने दार लावून घेतलं. पुढच्या शतकात या मताची घडी बसली. एका धाग्यात पाऊस, ४० दिवस, सात-सात दिवस आणि पक्षी. दुसऱ्यात झरे, १५० दिवस आणि सगळ्या तारखा. पाऊस थांबल्याचं ते वाक्य पहिल्या धाग्यातलं मानलं की ते त्याच्या ४० दिवसांना लागून येतं आणि अडचण उरत नाही. त्या धाग्यात खिडकीपूर्वीचे ४० दिवसही पावसाचेच ४० असावेत असं हे अभ्यासक म्हणतात. मग ती कथा दोन महिन्यांत आटोपते, आणि दुसरी वर्षभर चालते.

लिहिणारा हात एक की दोन, यावर वर्गात मतं वेगळी आहेत आणि राहतील. बायबलचे अभ्यासक गॉर्डन वेनम यांनी १९७८ साली या कथेची रचना आरशासारखी असल्याचं दाखवलं: ७, ७, ४०, १५० असे चढत जाणारे आणि १५०, ४०, ७, ७ असे उतरणारे आकडे, आणि मधोमध "देवाने नोहाची आठवण केली." पण ताईंच्या कागदाने मला जे दिसलं ते या वादाच्या दोन्ही बाजूंना लागू पडतं. समजा दोन धागे होते. तरीही ज्याने ते शिवले त्याने ४० दिवस १५० च्या आत बसवले, आणि खिडकीचे ४० व पक्ष्यांचे २१ दहाव्या महिन्याच्या पहिल्यापासून नव्या वर्षाच्या पहिल्यापर्यंतच्या ९० दिवसांत अशा जागी ठेवले की एकही तारीख ढळली नाही, वर २९ उरले. तो मोजत होता. मजकूर एका हाताचा आहे का, हा एक प्रश्न. त्याच्या तारखा आपसांत जुळतात का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं म्हणून दुसऱ्याचंही 'नाही' लिहून टाकणं ही चूक आहे, आणि पहिल्याला घाबरून दुसऱ्याची मोजणीच टाळणं ही त्याहून मोठी.

कागदाच्या मागच्या बाजूला नोहाच्या मुलाचं, शेमचं, वय होतं. नोहा ५०० वर्षांचा झाल्यावर त्याला शेम, हाम, याफेथ झाले (५:३२), प्रलय ६०० ला, आणि प्रलयानंतर दोन वर्षांनी शेम १०० वर्षांचा (११:१०). म्हणजे प्रलयात तो ९८ चा, आणि जन्म नोहाच्या ५०२ ला. ५:३२ तिघांची नावं एका वाक्यात देतं, तिघं एका दिवशी जन्मले असं म्हणत नाही. ५०० ला मुलं व्हायला लागली. शेम थोरला असेलच असंही नाही. १०:२१ चं हिब्रू याफेथला थोरला म्हणतं की शेमला, हे दोन्ही प्रकारे वाचता येतं. नोहाचा आजोबा मेथुशेलह याचा हिशोब हिब्रूत चोख आहे: १८७ ला लामेख, लामेखच्या १८२ ला नोहा, नोहाच्या ६०० ला प्रलय, एकूण ९६९, आणि त्याचं वयही ९६९. ग्रीक भाषांतराच्या बऱ्याच प्रतींत मात्र १६७ आणि १८८ आहे. त्या आकड्यांनी तो प्रलयानंतर १४ वर्षं जगतो, आणि तारवात तर तो नव्हता. ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती विचारवंताने यावर बरंच लिहून शेवटी हिब्रू पाठावर भरवसा ठेवावा असं म्हटलं. इथे जुळवाजुळव करायची गरजच नाही, प्रत चुकली आहे.

पुढच्या आठवड्यात ताई नवा कागद घेऊन आल्या. वर ३७०, खाली दोन रेघा. त्याखाली वेगळा रकाना, 'उचंत'. ज्या रकमेचं खातं अजून ठरलेलं नाही ती तिथे टाकतात. त्यात दोन नोंदी होत्या. एक ८:२, समोर पेन्सिलने "थांबला होता?" दुसरी ८:९. डोंगरमाथे दिसून ४७ दिवस झालेले असताना कबुतराला पाय टेकायला जागा मिळाली नाही, सगळ्या पृथ्वीवर पाणी होतं म्हणून. मी म्हटलं, माथे उघडे पडले तरी खालची जमीन पाण्यात असेल, आणि कबुतर जमिनीवर चरणारा पक्षी आहे. ताई म्हणाल्या, "पण सर, कबुतरं कड्याकपारीतही घरटी करतात." ते खरं आहे. मी त्यांना एवढंच दाखवू शकलो की तिथे टेकायच्या जागेला हिब्रूत 'मानोअह' म्हटलंय आणि नोहाचं नाव 'नोअह' त्याच धातूच्या जवळचं आहे. पाखराला बाहेर विसावा नव्हता आणि नोहाने हात बाहेर काढून त्याला आत घेतलं, लेखकाचं लक्ष तिथे होतं. त्यांनी ते समासात लिहून घेतलं. नोंद मात्र उचंतमध्येच ठेवली.